मेथीच्या दोन जुड्या

नाशिकहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, थोडक्यात असं:

"ताई, माझे मिस्टर ४४ वर्षांचे, सरकारी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. दीड वर्षापूर्वी बाईकवरून पडले, हेल्मेट घरी खुंटीवर होतं. ११ दिवस व्हेंटिलेटरवर होते, डोक्याचं ऑपरेशन झालं. आता चालतात, बोलतात, रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण माणूस तो राहिला नाही. एकच गोष्ट चारदा विचारतात, संध्याकाळ झाली की चिडतात, एकदा ताट भिरकावलं. मित्र यायचे बंद झाले. कपडे काढून ठेवण्यापासून गोळ्यांपर्यंत सगळं मीच बघते. सासूबाई म्हणतात देवाने परत दिला हेच खूप. दीर म्हणतात राजीनामा देऊन टाका, फंडाचे पैसे तरी येतील. कधीकधी वाटतं हे मुद्दाम करतात. पूर्वी रविवारची भाजी तेच आणायचे म्हणून मधे पाठवून बघितलं, तीन वस्तू सांगितल्या, पण दोन्ही वेळेला नुसत्या मेथीच्या दोन जुड्या घेऊन आले, सुटे तेवढे बरोबर आणले, मग पाठवायचं बंद केलं. मी थकले आहे. काय करू?"

अगं, ताई म्हटलंस म्हणून अगंतुगं करतेय. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळेला त्या मेथीपाशीच अडकले. दिराबद्दल तू एवढं लिहिलंस, सासूबाईंबद्दल लिहिलंस आणि "सुटे तेवढे बरोबर आणले" हे चार शब्दांत उरकून टाकलंस?

जरा थांब आणि बघ काय झालंय ते. हा माणूस घराच्या पायऱ्या उतरला, रस्ता ओलांडला, रविवारच्या त्या गर्दीत, हॉर्न आणि आरडाओरडा चालू असताना भाजीवाली शोधली, नोट दिली, उरलेले पैसे मोजून घेतले, पिशवी कुठे न विसरता घरी आला, आणि हे एकदा नाही, दोनदा. दीड वर्षापूर्वी त्याचा श्वास मशीन घेत होतं. आणि तुला फक्त न आणलेले टोमॅटो दिसले.

मेथीच का आली तेही सांगते. तू तीन वस्तू तोंडी सांगितल्यास, बहुतेक ते चपला घालत असताना. डोक्याला मोठा मार लागलेल्या माणसाच्या हातून सगळ्यात आधी निसटतं ते हे असं, नुकतंच ऐकलेलं. जुनं, वर्षानुवर्षं हाताला वळण पडलेलं असतं ते त्यामानाने टिकून राहतं. इतकी वर्षं रविवारी त्या भाजीवालीसमोर उभं राहून ते जे उचलत होते तेच त्यांनी उचललं असणार. यादी गळाली, सवय राहिली. म्हणजे कुठून सुरुवात करायची ते त्यांनीच तुला आणून दाखवलं, आणि तू दार लावून घेतलंस.

मला राग आलाय आणि तो लपवत नाही. कारण हे मी बघितलंय. माझा मामा माळ्यावरून पडला होता, डोक्यावरच. वाचला. मामी इतकी मायेची की विचारू नको, सगळं हातात द्यायची. रोज सकाळी त्याला खिडकीपाशी बसवून शर्टाची बटणं लावायची. मी सुट्टीत गेले की समोर बसून बघायचे, मामी वरून बटणं लावत यायची आणि मामाची बोटं खालचं बटण चाचपायला लागायची, अगदी हळू, काजं शोधत. मामी तो हात उचलून बाजूला मांडीवर ठेवायची. "राहू दे, मी लावते." पुढच्या वर्षी गेले तेव्हा बोटं यायची थांबली होती. मामीला कोणी कधी काही बोललं नाही, सगळे म्हणायचे किती करते बिचारी. मी म्हणायला हवं होतं, लहान होते, राहून गेलं. म्हणून तुला म्हणतेय.

"मुद्दाम करतात" हे डोक्यातून काढून टाक. कपाळामागचा जो मेंदू असतो ना, त्याचं काम ठरवणं, क्रम लावणं आणि रागाला ब्रेक लावणं, आणि गाडीवरून पडताना तोच भाग आतल्या खडबडीत हाडावर घासला जातो. ब्रेक गेलेल्या गाडीला तू मुद्दाम धडकली म्हणशील का? आणि रिपोर्ट नॉर्मल म्हणजे रक्तस्राव नाही, सूज नाही, एवढंच. डोकं जोरात हिसकलं की आतले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात, आणि हे सीटी स्कॅनवर बरेचदा दिसतच नाही. रिपोर्टने त्यांना खोटं ठरवलेलं नाही, तसं तुला वाटतंय.

संध्याकाळीच का चिडतात माहितीये? तोपर्यंत मेंदू दमलेला असतो. आपल्याला फुकट जमणाऱ्या गोष्टींना, म्हणजे टीव्ही चालू असताना कोणाचं तरी बोलणं ऐकायचं वगैरे, त्यांना ताकद मोजावी लागते. दुपारी अर्धा तास झोपू दे, संध्याकाळी टीव्ही बंद, एका वेळी एकानेच बोलायचं. पण हात मुलांवर किंवा तुझ्यावर उठला तर "आजारी आहेत" म्हणून गिळायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, त्यावर औषधं असतात. फिटच्या गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करायच्या नाहीत, दारूचा थेंब नाही, आणि डॉक्टर सांगेपर्यंत बाईकची चावी तुझ्याकडेच.

आणि कोणी सांगितलं असेल ना की सहा महिन्यांत जेवढं सुधारायचं तेवढं सुधारतं, ते ऐकू नको. सुरुवातीचा वेग जास्त असतो हे खरं, पण सुधारणा पुढे कित्येक वर्षं चालू राहू शकते, फक्त मेंदूला काम मिळालं पाहिजे.

एक माणूस सांगते. फिनिअस गेज, अमेरिकेत रेल्वेच्या कामावर मुकादम, वय २५. सप्टेंबर १८४८ मध्ये सुरुंगाच्या स्फोटात साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरली आणि डोक्याच्या वरून बाहेर पडली. तो जगला. पुस्तकांत त्याची गोष्ट नेहमी इथेच थांबवतात, की जगला पण शिवराळ झाला, बेभरवशाचा झाला, तो पहिला गेज राहिलाच नाही. अगदी तुझंच वाक्य. पुढचं कोणी फारसं सांगत नाही. १८५२ मध्ये तो चिलीला गेला आणि जवळजवळ सात वर्षं तिथे सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता. पहाटे उठायचं, घोडे जुंपायचे, प्रवासी घ्यायचे, तीच वाट. त्याच्यावर नंतर अभ्यास करणाऱ्यांना वाटतं की त्या रोजच्या ठरलेल्या कामानेच तो बराचसा सावरला असावा. ना फिजिओथेरपी होती तेव्हा ना काही. तुझ्याकडे तर भाजीबाजार दोन मिनिटांवर आहे.

राजीनाम्याचं पटकन सांगते कारण तिथे चूक झाली तर परत फिरणं फार अवघड. सही करायची नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २०. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या कारणाने काढता येत नाही, पगार-हुद्दा खाली आणता येत नाही, जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, तशी जागा नसेल तर जादा पद काढून तिथे ठेवायचं. पण राजीनामा आपणहून दिला की हे सगळं हातचं घालवून बसाल. आधी सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा, मग ऑफिसला लेखी अर्ज. दिराला म्हणावं फंड कुठे पळून जात नाही. आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनकडून ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्यांसाठी, चिठ्ठी घे. मुंबईला हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था आहे, एकदा तिथे दाखवून आण.

तू थकलीस, थकणारच. एका घरात दोन माणसांची कामं एकटीने करतेयस आणि त्यातलं एकाचं काम त्याचं त्याला परत द्यायचं आहे. म्हणून एकच सांगते, बाकी सगळं नंतर.

येत्या रविवारी त्यांना भाजीला पाठव. सकाळी, दमायच्या आत. चिठ्ठी त्यांच्या हातानेच लिहून घे, तू नुसती सांग, तीनच वस्तू, अक्षर वेडंवाकडं आलं तरी हात लावू नको. चिठ्ठी आणि पेन वरच्या खिशात, वस्तू पिशवीत पडली की त्यावर रेघ मारायची, हे घरातून निघायच्या आधी दोनदा करून बघा. मोबाईल खिशात असू दे पण तू फोन करायचा नाहीस. मुलीला मागे पाठवायचं नाही. गॅलरीत उभी राहायचीस तर राहा, हाक मारू नको. अर्धा तास लागेल, कदाचित पाऊण.

दर रविवारी तेच, त्याच वेळी, त्याच भाजीवालीकडे. तिला आधी जाऊन एवढं सांगून ये की घाई करू नकोस आणि चिठ्ठी मागू नकोस, ते स्वतः काढतील. तीन वस्तू महिनाभर नीट आल्या की मग चौथी.

आणि समज परत मेथीच आली, तर "परत मेथी?" म्हणायचं नाही. खाली पेपर पसर, दोन्ही जुड्या त्यांच्यापुढे ठेव आणि निवडायला त्यांनाच बसव.