रात्रीचा तो आवाज कोणाचा?

प्रश्न : आईला जाऊन वर्ष झालं. तिच्या आजारपणात मी तिच्यावर ओरडायचे. वेगवेगळ्या फादरांकडे पापनिवेदन केलं, क्षमा मिळाली. तरी रात्री रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) बसले की मनात येतं, ‘तू दगडाच्या काळजाची, देव तुझं कशाला ऐकेल?’ हल्ली मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) ख्रिस्तप्रसादही घेत नाही. आईच्या वर्षाच्या मिस्सेला भावाला चारचौघांत टाकून बोलले, ते अधूनमधून आठवतं; पण त्याचं एवढं काही वाटत नाही. पवित्र आत्मा मला दोषी ठरवतोय का?
– एक भगिनी, वसई

उत्तर : ताई, रात्रीचा तो आवाज पवित्र आत्म्याचा नाही. क्षमा झालेलं पाप तो उकरून काढत नाही, आणि ख्रिस्तप्रसादापासून तर मुळीच तोडत नाही.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला 1522 साली स्पेनमधल्या मानरेसात याच छळातून गेले. त्याआधी मोन्सेरात इथल्या मठात त्यांनी लिहून काढून, तीन दिवस लावून पापनिवेदन केलं होतं. तरी काहीतरी राहिलंच, ही टोचणी जाईना. जीव द्यावा इथवर मन गेलं. अगदी स्पष्ट आठवेल तेवढंच मागचं सांगा, असं त्यांच्या फादरांनी बजावलं. पण त्यांना सगळंच स्पष्ट आठवत होतं! अखेर मागचं पाप पुन्हा निवेदन करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि त्यातून सुटले. देवाकडे निघालेल्या माणसाला चांगला आत्मा स्पर्श करतो तो स्पंजवर पाण्याचा थेंब पडावा तसा हळुवार, हे त्यांनी पुढे ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात लिहिलं.

म्हणून तुमच्या पत्रातली भावाची ओळ मी पुन्हा वाचली. ‘एवढं काही वाटत नाही’ म्हणता, पण आठवण येत राहते. तिच्यात शिवी नाही. कुणाला दुखावलं ते नेमकं दिसतं, आणि दुरुस्त करायला तो भाऊ समोर आहे. मला पवित्र आत्मा तिथे बोलताना दिसतो. आईची आठवण येऊन रडू आलं तर खुशाल रडा, ते प्रेम आहे. पण तिच्याबद्दलचं पापनिवेदन आता पुरे. यापुढे एकाच फादरांकडे जा आणि ते थांबा म्हणाले की थांबा.

झोप उडाली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर आजच घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांना भेटा. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

भावाला या आठवड्यात फोन करा. रविवारी ख्रिस्तप्रसाद घ्या, आतून कितीही ‘नको’ आलं तरी.