फॉलआउट ४ वरून टेबलटॉप कॅम्पेन करायची, तर पात्रं कशी बनवावीत?

चार खेळाडू, त्यातल्या दोघांनीच फॉलआउट ४ (अणुयुद्धानंतरच्या बॉस्टनमधला व्हिडिओ गेम) खेळलेला, नियम मोडिफियस कंपनीच्या फॉलआउट आरपीजीचे, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाचे, आणि पात्रांची सुरुवात कुठून करावी हा प्रश्न. माझं मत विचाराल तर गेमच्या नायकाला हातच लावू नका.

हा नायक, सोल सर्व्हायव्हर, २२८७ मध्ये व्हॉल्ट १११ या भूमिगत आश्रयस्थानातून बाहेर येतो आणि सगळं बॉस्टन जणू त्याच्यासाठीच खोळंबलेलं असतं. मिनिटमेन या नागरी सेनेचं जनरलपद त्याला, ब्रदरहूड या लष्करी संघटनेत बढती त्याला, इन्स्टिट्यूट या शास्त्रज्ञांच्या गुप्त संस्थेची गादीसुद्धा त्यालाच मिळू शकते. स्क्रीनसमोर एकच माणूस बसतो म्हणून ते खपतं. टेबलावर तेच केलंत तर एक नवरदेव आणि तिघं वऱ्हाडी अशी गत होईल.

त्यापेक्षा गेम ज्यांच्या शेजारून झपाट्याने निघून जातो ती माणसं उचला. २२८२ मध्ये महापौर मॅकडोनाने डायमंड सिटीतून, म्हणजे फेनवे पार्कच्या मैदानात वसलेल्या शहरातून, सगळ्या घूलना, म्हणजे रेडिएशनने विद्रूप झालेल्या माणसांना, हाकललं. त्यातली एखादी बाई, जिचं दुकान तिथेच राहिलं, ती आता स्लॉग वस्तीच्या जुन्या पोहण्याच्या तलावात टारबेरी पिकवते. किंवा क्विन्सी शहर गनर्स या भाडोत्री टोळीच्या हाती पडलं तेव्हा मिनिटमेनच्याच प्रेस्टन गार्वीच्या मागे न जाता दुसऱ्या वाटेने पळालेला मिनिटमन. यांना मुख्य कथेची गरजच नाही, त्यांचं दुखणं आधीपासून त्या जगात आहे.

ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांना व्हॉल्टमधली पात्रं द्या. व्हॉल्ट ८१ मध्ये अजून लोक राहतात, बाहेरच्यांशी थोडाफार व्यापारही करतात. तिथून आलेल्याला डेथक्लॉ हा राक्षसी प्राणी म्हणजे काय हे ठाऊक नसलं तर ते शोभतंच. जाणकार दोघांना मात्र कॅराव्हानचा पहारेकरी वगैरे करा, म्हणजे त्यांची माहिती पात्राच्या तोंडी बसते आणि टेबलावर उगाच ज्ञान पाजळलं जात नाही.

(तसा हा खेळ कागदावरच्या नियमांचाच नातलग. १९९७ चा पहिला फॉलआउट आधी गर्प्स या टेबलटॉप नियमसंचावर बांधत होते, त्या परवान्याचं बिनसलं म्हणून स्पेशल ही सात गुणांची पद्धत जन्माला आली.)

आता आकडे. सातही गुण ५ वर, वर वाटायला ५ पॉइंट, आणि एखादा गुण ४ वर आणून आणखी एक मिळतो. गेम खेळलेले लोक इथे सगळं येणारं पात्र करू बघतात, कारण फॉलआउट ४ मध्ये लेव्हलला मर्यादाच नाही आणि फसलं तर जुना सेव्ह उघडता येतो. टेबलावर एकाला कुलूप उघडता येत नाही म्हणूनच दुसऱ्याला काम मिळतं. तेव्हा चौघांना एकत्र बसवूनच टॅग स्किल, म्हणजे पात्राची खास कौशल्यं, निवडायला लावा.

ओरिजिनबाबत, म्हणजे पात्र कुठल्या जातकुळीचं आहे याबाबत, थोडं कडक राहा. घूल, सुपर म्यूटंट (धिप्पाड उत्परिवर्तित मानव) आणि मिस्टर हँडी (घरकामाचा रोबो) या तिघांनाही रेडिएशन बाधत नाही, घूल तर त्याने बरा होतो. चौघांत असे तिघं निघाले तर तुमच्या हातातली अर्धी भीती गेली. मिस्टर हँडी घेतला तर त्याला स्टिमपॅक हे जखमा भरणारं इंजेक्शन चालत नाही, म्हणून दुरुस्ती येणारा कोणीतरी सोबत हवाच. मला हे बंधन आवडतं, त्याने दोन पात्रं आपोआप एकमेकांना बांधली जातात. सुपर म्यूटंट मात्र एकच, आणि डायमंड सिटीच्या दारात पहारेकरी बंदुका रोखतील हे त्या खेळाडूला आधीच सांगा.

ब्रदरहूडचा इनिशिएट (नवशिका सदस्य) आणि घूल एकाच टोळीत हवेत असा हट्ट कोणीतरी धरतोच. पण ब्रदरहूडला घूल खपत नाहीत; पहिली दोन सेशनं मजा येते, मग एकाला तरी निघून जावं लागतं. म्हणून पहिला फासा पडण्याआधी त्या दोघांकडूनच वदवून घ्या: कोणावर कोणाचा जीव वाचवल्याचं ऋण आहे, का कोणाकडून पैसे येणं आहेत?

आणि कोणाला नकळत सिंथ, म्हणजे इन्स्टिट्यूटने बनवलेला कृत्रिम माणूस, ठरवायचा मोह झाला, तर त्या खेळाडूला एकट्याला गाठून आधी विचारा. काहींना असा धक्का आवडतो, काहींना आपलं पात्र कोणीतरी पळवल्यासारखं वाटतं.