वाचकांचे प्रश्न : गाडीचे वजन आणि घाटातले वळण

प्रश्न : आमच्या सात जणांच्या कुटुंबाकडे २.४ लिटर डिझेलची टोयोटा इनोव्हा क्रिस्टा आहे. इंग्लंडमध्ये नोकरी करणारा माझा पुतण्या दोन लिटर इंजिनाची, दोन आसनांची माझदा एमएक्स-५ चालवतो आणि तिच्यापुढे आमची गाडी सुस्त आहे, असे म्हणतो. आमच्या इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) जास्त असूनही असे का व्हावे? शिवाय तुळजापूरच्या घाटात आमची गाडी वळणावर कलते, त्याचे काय करावे?
— एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : आपले म्हणणेही बरोबर आहे आणि पुतण्याचेही. मॅन्युअल गिअरच्या क्रिस्टाचा टॉर्क ३४३ न्यूटन-मीटर आहे, तर एमएक्स-५चा सुमारे २०५. मात्र आपले इंजिन मिनिटाला ३,४०० फेऱ्यांना १५० अश्वशक्ती देऊन थांबते, तर ते पेट्रोल इंजिन ७,००० फेऱ्यांपर्यंत चढून १८४ अश्वशक्ती देते आणि त्यामुळे चाकांना अधिक जोर देणारा खालचा गिअर अधिक वेळ धरून ठेवू शकते. त्यात क्रिस्टाचे वजन सुमारे १,८०० किलो आणि एमएक्स-५चे सुमारे १,०५० किलो, म्हणजे दर टनामागे मिळणारी ताकद तिथे आपल्या दुपटीहून अधिक आहे.

वळणाचे कारणही वजनातच आहे, आणि त्याहून अधिक ते वजन किती उंचीवर आहे, यात आहे. दोन्ही गाड्यांचे इंजिन पुढे असून जोर मागच्या चाकांवर येतो, तेव्हा फरक रचनेच्या त्या भागात नाही. क्रिस्टा शिडीच्या आकाराच्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) उभी आहे आणि तिची माणसे उंचावर बसतात, त्यामुळे वळताना ती बाहेर कलते आणि बाहेरच्या टायरांवर भार एकवटतो. टायरची पकड मात्र भाराच्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून गाडीची एकूण पकड कमी होते.

तरीही एमएक्स-५ला नुसते ‘हलकी’ म्हणणे मला येथे अपुरे वाटते. एमएक्स-५मध्ये दोघे बसले, तर प्रत्येक माणसामागे सव्वापाचशे किलो लोखंड धावते. आपले सातही जण क्रिस्टात बसले, तर माणशी अडीचशेच्या आसपास. सहकुटुंब अक्कलकोट, पंढरपूर करणाऱ्या घरासाठी आपली गाडीच खऱ्या अर्थाने काटकसरी आहे आणि तिच्याबद्दल कमीपणा वाटण्याचे काहीही कारण नाही. एकट्याने रोज कार्यालयात जायचे असेल, तर मात्र हे गणित नेमके उलटते.

थोडे कलणे हा उंच गाडीचा स्वभाव आहे, परंतु ते पूर्वीपेक्षा वाढले असेल, तर शॉक अब्सॉर्बर तपासून घ्यावेत. पूर्ण भारासाठी कंपनीने सांगितलेला हवेचा दाब निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच भरावा. जड सामान टपावरच्या कॅरिअरवर न चढवता आत, शक्य तितके खाली ठेवावे, आणि वेग वळणात शिरण्याआधीच कमी करावा, कारण भरल्या गाडीला वळणाच्या मध्यावर ब्रेक लावणे सर्वांत धोक्याचे असते.