बॉक्सला गिगाबिट वायर हवी का? आधी ते कार्डचं स्टेटमेंट काढा

चिंचवडहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडं कापून देते:

"मॅडम, वय ३८, पगार वर्षाला ११ लाख ४० हजार, हातात महिन्याला ८२ हजार. होमलोनचा हप्ता ३१ हजार. बायको सध्या घरी, मुलगी दुसरीत. प्रश्न असा की मॅच लावली की टीव्हीवर गोल फिरत बसतं. टीव्ही ४३ इंची फुल एचडी, नेट १०० एमबीपीएसचं (६९९ अधिक जीएसटी). दुकानदार म्हणतो की तुमच्या स्ट्रीमिंग बॉक्सचं लॅन पोर्ट (नेटची वायर खोचायची जागा) फक्त १०० एमबीपीएसचं आहे, गिगाबिट म्हणजे १००० च्या पोर्टवाला बॉक्स घ्या (१७ हजार), घरभर वायफाय पसरवणारे मेश राउटर घ्या (१२ हजार), घरभर कॅट ६ म्हणजे नेटच्या वायरचं वायरिंग करा (९ हजार) आणि १ जीबीपीएसचा प्लॅन घ्या (३,९९९ अधिक जीएसटी). ३८ हजाराचं सगळं एकाच बिलात नो कॉस्ट ईएमआयवर बसवून देतो म्हणाला. पैशाचा प्रॉब्लेम नाही, कार्डवर लिमिट आहे. सध्या १ लाख ६२ हजार आउटस्टँडिंग आहे पण मिनिमम ड्यू एकदाही चुकवलेला नाही, सिबिल चांगला आहे. २ लाखांची एफडी इमर्जन्सीसाठी वेगळी ठेवलीय, ७ टक्के मिळतात. शिवाय बँकेतल्या आरएमने (रिलेशनशिप मॅनेजरने) टॅक्स वाचवायला ६० हजारांची पॉलिसी दिलीय, ५ वर्षांनी दुप्पट होणार आहे. तर हा खर्च करावा का?"

नाही.

आता कारण. स्ट्रीमिंगला लागतं किती ते बघा. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं, ७२०पी ला ३ एमबीपीएस, फुल एचडीला ५, फोरकेला १५. तुमचा टीव्ही फुल एचडी, म्हणजे ५ पुरे, लाईव्ह मॅच आहे म्हणून दुप्पट धरा, १०. शंभरच्या पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ मिळतात, म्हणजे रस्ता नऊपट रुंद आहे आणि तो तुम्हाला हायवे विकतोय. बहुतेक स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्टसुद्धा १०० चंच असतं, कंपन्या काही वेड्या नाहीत. गिगाबिट कोणाला लागतं तर ज्याने घरच्या हार्डडिस्कवर फोरके ब्लू-रेच्या मूळ साइजच्या फाइली ठेवल्यात त्याला, त्या ब्लू-रेचा बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) १२८ एमबीपीएसपर्यंत उसळू शकतो आणि तिथे १०० चं पोर्ट खरंच अडतं. तुम्ही त्यातले नाही.

मग गोल का फिरतं? बहुतेक वेळा वायफाय. राउटर दाराजवळ, टीव्ही दोन भिंतींपलीकडे, बॉक्स वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला चिकटलेला आणि आजूबाजूच्या दहा फ्लॅटचे राउटर त्याच पट्ट्यात ओरडतायत. आमच्याकडे नेटवाल्याने राउटर चपलांच्या कपाटात बसवला होता, तो वर फळीवर ठेवला आणि विषय संपला. तुम्ही आधी पाच-सहाशे रुपयांची क्लिपा लावलेली तयार कॅट ६ वायर आणा आणि राउटरपासून त्याच जुन्या शंभरच्या पोर्टात घाला. पुढे कधी मोठा प्लॅन घेतलात आणि स्पीड टेस्टला ५ गिगाहर्ट्झ वायफायवर दोनशे दिसले आणि वायरवर ९४, तरी दुकानदाराचं बरोबर होतं असं वाटून घेऊ नका, मॅचला आकडा मोठा नको असतो, तो न हलणारा हवा असतो. वायर लावूनही मॅचच्या वेळीच अडकत असेल तर गर्दी तुमच्या घराबाहेर आहे, नेटवाल्याकडे नाहीतर अॅपच्या सर्व्हरवर, तिथे १७ हजाराचा बॉक्सही गोलच फिरवणार.

आणि नुसता ३८ हजारांचा मामला नाहीये. प्लॅन जीएसटी धरून आत्ता सव्वाआठशे, नवा ४,७००, फरक महिन्याला ३,९००, वर्षाचे ४७ हजार. पहिल्याच वर्षी ८५ हजार गेले, एका मॅचसाठी.

बॉक्सचं झालं. आता तुम्ही जे विचारलंच नाही ते.

"मिनिमम ड्यू एकदाही चुकवलेला नाही" हे वाक्य तुम्ही अभिमानाने लिहिलंय, आणि मला त्याच वाक्यावर थांबायला झालं. अहो, मिनिमम ड्यू म्हणजे बिल भरणं नव्हे. त्याने लेट फी टळते आणि रेकॉर्ड खराब होत नाही, बस. बाकीच्या रकमेवर व्याज चालूच. तुमच्या कार्डचा दर बघा, बहुतेकांचा महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला ४२, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, झाले जवळपास ५०. १ लाख ६२ हजारांवर महिन्याचं व्याज ५,७००, जीएसटी हजार, एकूण ६,७००. मिनिमम ड्यू ५ टक्के धरला तर तुम्ही भरताय ८,१००. म्हणजे मुद्दल कमी झालं फक्त १,४०० नी! आणि त्याच कार्डवर किराणा, पेट्रोल चालू असेल तर (चालू असणारच, नाहीतर रक्कम उतरली असती) त्या नव्या खरेदीला ते ४५-५० दिवस फुकटचे मिळत नाहीत, मागची बाकी असली की स्वाइप केल्या दिवसापासून मीटर पडतो. हे सगळं स्टेटमेंटवर छापलेलं असतं, फक्त मिनिमम भरत राहिलात तर फेडायला वर्षं लागतील असं वाक्यच असतं तिथे, पण आपण तारीख आणि छोटा आकडा बघतो आणि बंद करतो.

वर्षाचे ८० हजार व्याज देताय तुम्ही. आणि शेजारी २ लाखांची एफडी, तिचे मिळतात १४ हजार. एका हाताने पन्नास टक्क्यांनी उसने घेऊन दुसऱ्या हाताने सात टक्क्यांनी ठेवलेत. याला इमर्जन्सी फंड म्हणू नका. इमर्जन्सी चालू आहे, कधीची.

कोणी म्हणेल इतकं व्याज कायदेशीर कसं. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांच्या वर नको म्हटलं होतं, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. तेव्हा तिकडून मदत येणार नाही, आपणच बाहेर पडायचं.

तर या आठवड्यात एफडी मोडा. मोडल्याबद्दल बँक अर्धा-एक टक्का व्याज कापेल, कापू दे. १ लाख ६२ हजार एकदम भरा आणि उरलेले ३८ हजार सेव्हिंगला ठेवा (दुकानदाराच्या बिलाइतकेच उरतात, म्हणून त्याच्याकडे जायचं नाही). मोडायला फारच जिवावर येत असेल तर त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून उचल) घ्या, साधारण ९० टक्क्यांपर्यंत देतात, म्हणजे १ लाख ८० हजार, आणि व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. मला विचाराल तर मोडूनच टाका, कटकट नको. मग दर महिन्याचे ते ८,१०० सरळ नव्या आरडीत, वीस महिन्यांत गेलेली रक्कम परत उभी राहते. तोवर कार्ड कपाटात, किराणा यूपीआयवर.

नो कॉस्ट ईएमआयबद्दल एवढंच की नो कॉस्ट असं काही नसतं. व्याज लागतं, तेवढी सूट आधी दाखवलेली असते, वर त्या व्याजावर जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्या खिशातून. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या स्कीमना हरकत घेतली होती, तेव्हापासून नाव बदलून आलंय. आणि वर्षभर ३,२०० चा हप्ता मिनिमम ड्यूत मिळवला की तो जातो ११,३०० वर.

आता पॉलिसी. ५ वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळपास पंधरा टक्के, गॅरंटीने. असं कोणी देत असेल तर मलाही फोन करा. या पारंपरिक पॉलिसीत पाच-सहा टक्के सुटतात. पत्राच्या खाली तुम्ही लिहिलंय की बाँडवर "पीपीटी १०" आहे, त्याचा अर्थ काय. अर्थ असा की १० वर्षं हप्ता भरायचाय, ६ लाख. आरएमने पाच सांगितले, कागदावर दहा आहेत, आणि कागदच खरा. शिवाय टॅक्स कुठला वाचतोय? २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्सच नाही, तुमचा पगार ११ लाख ४०. जे भरायचंच नाही ते वाचवायला वर्षाला ६० हजार! मार्च २०२५ ची पॉलिसी आहे, म्हणजे ऑक्टोबर २०२४ च्या नव्या सरेंडर (मुदतीआधी पॉलिसी बंद करण्याच्या) नियमांत बसते, पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरून वर्ष झालं असलं की काहीतरी परत मिळतं. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा, आज सरेंडर केली तर किती आणि पेड-अप (पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेवर चालू) केली तर किती. आरएमकडून नको, तो परत चहा पाजेल. आकडे आले की मला कळवा, तिसऱ्या हप्त्याच्या आधी ठरवू. आणि घरात कमावणारे एकटेच असताना टर्म इन्शुरन्सचा पत्रात उल्लेखही नाही, एक कोटीचा टर्म तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, अंदाजे १५-२० हजारांत बसतो. ६० हजारांत तीन झाले असते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, पूर्ण रक्कम भरल्यावरही पुढच्या स्टेटमेंटवर थोडं व्याज येईल. मागच्या स्टेटमेंटपासून तुम्ही पैसे भरलेत त्या दिवसापर्यंतचं ते असतं, बँकेने फसवलं असं समजून भांडायला जाऊ नका, तेही पूर्ण भरा. त्याच्या पुढच्या स्टेटमेंटवर व्याजाच्या ओळीत शून्य दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर मात्र जा आणि भांडा.