नऊला सुरू, दहाला बंद: रॉक कॉन्सर्टच्या तिकिटाचे पैसे परत मागता येतील का?

प्रश्न: मी साताऱ्याला माध्यमिक शाळेत शिकवतो. कॉलेजपासूनचा माझा एक मित्र पुण्यात असतो. ज्या परदेशी बँडची गाणी आम्ही वसतिगृहात कॅसेटवर ऐकत असू, तो बँड नवी मुंबईला येणार असल्याचे कळताच त्याने आपल्या खात्यातून दोन तिकिटे काढली. प्रत्येक तिकीट 7,500 रुपयांचे होते आणि माझ्या वाट्याचे पैसे मी त्याला यूपीआयने पाठवले. आयोजकांच्या वेळापत्रकाप्रमाणे मुख्य बँड 7.45 ते 9.45 वाजवणार होता. प्रत्यक्षात तंत्रज्ञ 8.50 पर्यंत मंचावर केबल बदलत होते, मोठ्या पडद्यावर ‘लवकरच सुरू होत आहे’ एवढेच झळकत होते, आणि बँड 9.05 ला आला. बरोबर दहाला, एका गाण्याच्या मध्यावर, ध्वनियंत्रणा बंद करण्यात आली. पडद्यावरची ती ओळ आणि आवाज बंद झाल्याचा क्षण, दोन्हींचे व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहेत. तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळाने ‘कोणत्याही कारणास्तव परतावा नाही’ ही अट दाखवून प्रत्येकी 500 रुपयांचे व्हाउचर देऊ केले, आणि मित्राने वैतागून ‘स्वीकारले’ हे बटण दाबले. वाद दिल्लीतील लवादापुढेच चालेल, असेही अटींत आहे. मित्र म्हणतो, सोडून दे. तिकीट माझ्या नावावर नसताना मला एकट्याला काही करता येईल का?

उत्तर: येईल. मात्र तक्रार नेमकी कशाबद्दल आहे हे आधी ठरवावे लागेल, कारण आपल्या पत्रातील रागाचा रोख दहाला ध्वनियंत्रणा बंद करणाऱ्यांवर आहे, आणि त्या मुद्द्यावर आपली बाजू अगदीच लंगडी आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत बंदिस्त सभागृहाबाहेर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. राज्य शासनाला वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, पण आपल्याकडे ते दिवस बहुतेक गणेशोत्सव आणि नवरात्रातच खर्ची पडतात. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात एके काळी रॉकचे कार्यक्रम गाजत. शेजारच्या रुग्णालयामुळे आणि महाविद्यालयामुळे तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि ते खुले नाट्यगृह मुके झाले. माझ्या पिढीला त्याची हळहळ आहे, तरी नियम चुकीचा होता असे मला म्हणवत नाही. तेव्हा दहाला आवाज बंद होणे ही सेवेतील त्रुटी नव्हे.

त्रुटी आहे ती 7.45 ते 9.05 या 80 मिनिटांत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(11) मधील व्याख्या व्यापक आहे: करारानुसार जी सेवा ज्या रीतीने देण्याचे कबूल केले, तीत राहिलेली कोणतीही उणीव म्हणजे त्रुटी, आणि ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणे हेही त्याच व्याख्येत येते. दहाची मर्यादा आयोजकांना परवानगी घेतानाच माहीत होती, आणि 9.45 ला संपणारे वेळापत्रक त्यांनी तिचा हिशेब करूनच आखले असणार. सव्वाआठ-साडेआठपर्यंत केबल जुळत नाही म्हटल्यावर कार्यक्रम अर्ध्यावर येणार हे मंचामागच्या प्रत्येकाला कळले असले पाहिजे. मैदानात उभ्या असलेल्यांना मात्र ‘लवकरच सुरू होत आहे’ एवढेच सांगितले जात होते. पाऊस, वादळ किंवा कलाकाराचे आजारपण यांमुळे खोळंबा झाला असता तर आयोजकांना ‘आमच्या हाताबाहेरचे कारण’ असे म्हणायला जागा होती. ध्वनियंत्रणा वेळेत तपासून तयार ठेवणे हे तर त्यांचे मूळ काम आहे. आपल्या तक्रारीचा पहिला परिच्छेद याच 80 मिनिटांबद्दल असावा.

तिकीट मित्राच्या खात्यातून काढले असले तरी त्याने आपला हक्क जात नाही. कलम 2(7) मधील ‘ग्राहक’ या शब्दात मोबदला देऊन सेवा घेणाऱ्याबरोबरच, त्याच्या संमतीने त्या सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही येते. आपण तर निम्मे पैसे स्वतः दिले आहेत. यूपीआयच्या त्या व्यवहाराचा तपशील बँकेच्या खातेउताऱ्यासह जोडा. तरीही माझा आग्रह असा की मित्राला सोबत घ्यावे. दोघांना मिळून एकच तक्रार करता येते. ‘सर्व ग्राहकांच्या वतीने’ तक्रार करायची असेल तेव्हाच कलम 35(1)(क) खाली ग्राहक आयोगाची (ग्राहकांच्या तक्रारी चालवणाऱ्या आयोगाची) पूर्वपरवानगी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ब्रिगेड एंटरप्रायझेस प्रकरणात स्पष्ट केले आहे. मित्र अगदीच तयार नसेल तर तिकिटे दोघांसाठी घेतली होती आणि आपण पैसे दिले होते, एवढे सांगणारे त्याचे शपथपत्र तरी घ्या. एका पानाचे काम आहे आणि त्यासाठी त्याला साताऱ्याला यावे लागणार नाही.

खरी नाजूक बाब व्हाउचरची आहे. ‘स्वीकारले’ या बटणाखाली ‘याद्वारे सर्व दावे संपुष्टात येतील’ असे वाक्य होते का, ते आपण लिहिलेले नाही, आणि त्या एका वाक्यावर बरेच अवलंबून आहे. वाक्य नसेल तर व्हाउचर ही निव्वळ सदिच्छेची भेट ठरते. असले तरी मित्राला आपल्या वतीने दावा सोडून देण्याचा अधिकार आपण कधी दिला नव्हता, त्यामुळे आपल्या निम्म्या हिश्शाला बाधा येऊ नये. मित्राच्या हिश्शाबाबत मात्र सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) हा मुद्दा नक्की उचलतील. विम्याच्या एका प्रकरणात (युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध अजमेर सिंग कॉटन, 1999) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की दावा मिटल्याच्या पावतीवर सही केली एवढ्यानेच ग्राहकाचा हक्क संपत नाही, पण ती सही फसवणुकीने, दिशाभुलीने किंवा गैरवाजवी दबावाने घेतली गेली हे त्याला दाखवावे लागते. वैतागणे हा दबाव नव्हे. म्हणून व्हाउचर अजून वापरले नसेल तर मित्राने ते वापरू नये, आणि आजच्या आज ‘हे व्हाउचर अंतिम तडजोड म्हणून आम्हाला मान्य नाही, ते रद्द करावे’ अशी ईमेल संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवावी. ई-कॉमर्सविषयक 2020 च्या नियमांप्रमाणे त्या अधिकाऱ्याने 48 तासांत पोच देणे आणि एक महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. पोच आली नाही तर तोही आपल्या बाजूचा पुरावा होतो.

दिल्लीच्या लवादाची भीती बाळगू नका. लवादाचे कलम करारात असले तरी ग्राहकाला आयोगाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात मान्य केले आहे. 2019 च्या कायद्यातील कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तेथील जिल्हा आयोगातही तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला सातारा सोडण्याचे कारण नाही. आयोजक आणि संकेतस्थळ या दोघांनाही सामनेवाले करा. ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ असे संकेतस्थळ म्हणेल. त्यांनी तिकिटावर घेतलेले सुविधा शुल्क पावतीवर वेगळे दाखवले आहे का ते पाहा, कारण तो त्यांना मिळालेला मोबदला आहे. ‘परतावा नाही’ ही अटच रद्द करून मागण्याच्या फंदात मात्र पडू नका. अनुचित कराराबद्दलची तक्रार या कायद्यात जिल्हा आयोगाकडे नव्हे तर राज्य आयोगाकडे जाते, आणि साडेसात हजारांच्या तिकिटासाठी तिथे खेपा घालणे परवडणारे नाही. ती अट कार्यक्रमाला न आलेल्या प्रेक्षकासाठी आहे, अर्धवट दिलेल्या सेवेसाठी नाही, एवढाच युक्तिवाद जिल्हा आयोगात पुरेसा आहे.

आता किती मागावे? पूर्ण 7,500 मिळतील असे मला वाटत नाही. आधीचे कार्यक्रम आपण ऐकले आणि मुख्य बँडची 120 पैकी 55 मिनिटेही ऐकली. तिकिटाची निम्मी रक्कम, त्यावर व्याज, मनस्तापासाठी माफक भरपाई आणि तक्रारीचा खर्च ही मागणी न्यायाला धरून होईल. प्रवासाचा आणि लॉजचा खर्च कार्यक्रम वेळेवर झाला असता तरी आपल्याला आलाच असता, तो यात घालून मागणी फुगवू नका. लाखांची नुकसानभरपाई मागणाऱ्या तक्रारी मी बऱ्याच पाहिल्या आहेत, आणि आकडा जितका मोठा तितके तक्रारदाराचे म्हणणे हलके होत जाते. सेवेचा मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत घटनेपासून 2 वर्षांची आहे. नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्यांना लेखी म्हणणे मांडायला 30 दिवस, आणि आयोगाने वाढवून दिल्यास आणखी 15 दिवस मिळतात, त्यापुढे नाही. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिले आहेत; आपण वर्ष धरून चला. मध्येच आयोगाने मध्यस्थी सुचवली तर नाकारू नका, एवढ्या रकमेसाठी सामनेवाले तिथेच तडजोड करण्याची शक्यता जास्त असते.

तक्रारीपूर्वी दोन्ही सामनेवाल्यांना 15 दिवसांची नोटीस ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा. सोबत त्या मैदानावरील कार्यक्रमाला दिलेल्या परवानगीची अटींसह प्रत संबंधित पोलीस आयुक्तालयाकडे माहितीच्या अधिकारात मागा. शुल्क 10 रुपये आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो, तेव्हा त्यात कार्यक्रमाची कहाणी लिहू नका. परवानगीवर 10 ची वेळ छापलेली असेल तर आयोजकांना ती माहीत नव्हती असे म्हणताच येणार नाही.

आयोजकांच्या समाजमाध्यमांवरील वेळापत्रकाची छायाचित्रे अजून दिसत असतील तर ती तारखेसह जतन करा. अशा गोष्टी वाद सुरू झाला की नाहीशा होतात. आपण लिहिता की पडद्यावरची ती ओळ आणि आवाज बंद झाल्याचा क्षण, दोन्ही आपल्या फोनमध्ये आहेत. ते व्हिडिओ व्हॉट्सअॅपवरून कुणालाही पाठवून तीच प्रत पुरावा म्हणून वापरू नका, कारण त्यात मूळ वेळेची नोंद राहत नाही. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा, तिची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र सोबत जोडा, आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तो फोन विकू नका.