सोप्रानो की मेझो? घाई कशाला!

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांची आहे, वेस्टर्न क्लासिकल गायन शिकतेय. माझ्या टीचर म्हणतात तू मेझो-सोप्रानो (बायकांचा मधल्या पट्टीतला आवाज) आहेस, पण माझा वरचा बी-फ्लॅट (एक उंच सूर) आरामात लागतो, मग मी सोप्रानोच (बायकांचा सगळ्यात उंच आवाज) ना? ऑपेरात हिरॉईन पण बहुतेक सोप्रानोच असते. मेझोला करिअर असतं का? आणि ऑडिशनला कारमेन या ऑपेरातलं हाबानेरा हे गाणं गाऊ का?

उत्तर : अगं, बी-फ्लॅट तर मेझोलाही लागतो, व्हेर्दीच्या आइदा ऑपेरातली आम्नेरिस (मेझोचाच रोल) गाऊन बघ म्हणजे कळेल (आत्ता नको, दहा-बारा वर्षांनी!). आवाजाचा प्रकार सगळ्यात वरच्या सुरावरून ठरतच नाही. तुझा आवाज अर्धा तास सलग कुठल्या पट्टीत न दमता राहतो, रंग कुठे भरदार होतो, आणि मधल्या आवाजातून वरच्या आवाजात जाताना सांधा नेमका कुठे येतो हे टीचर ऐकत असतात. एक सूर लागणं वेगळं आणि त्याच्या आसपास तीन तास राहणं वेगळं. त्यातून १९ म्हणजे फारच लवकर गं, मेझोचा आवाज बऱ्याचदा तिशीच्या आसपास नीट बसतो, तोवर लेबल पेन्सिलीनंच लिहायचं.

जर्मन मेझो क्रिस्टा लुडविगचं बघ, आईकडे शिकली, १९४६ मध्ये फ्रँकफर्टला ‘डी फ्लेडरमाउस’ या ऑपेरेटात ऑर्लोफ्स्कीचा रोल करून सुरुवात केली, मधे सोप्रानोचे मोठे रोलही गायली, पण मुक्काम मेझोतच ठेवला आणि जवळपास पन्नास वर्षं टिकली. इंग्लिश मेझो जॅनेट बेकर तर आधी बँकेत नोकरी करायची, संगीताच्या कॉलेजात न जाता खाजगीत शिकली. म्हणजे रस्ता एकच नसतो. तरी नेहमीचा रस्ता म्हणजे म्युझिक कॉलेज, मग मास्टर्स, मग एखाद्या ऑपेरा हाऊसचा यंग आर्टिस्ट प्रोग्रॅम (नव्या गायकांना तयार करणारा), आणि ऑडिशनवर ऑडिशन. इटालियन, जर्मन, फ्रेंच तिन्ही हवंच, नुसता उच्चार नाही तर अर्थासकट. पियानोही थोडा शिक, नवीन गाणं स्वतःचं स्वतः बसवता आलं पाहिजे.

हिरॉईनचं म्हणशील तर कारमेन स्वतः मेझो आहे की! रॉसिनीच्या ‘बार्बर ऑफ सेव्हिल’मधली रोझिना मुळात खालच्या आवाजासाठी लिहिलेली. शिवाय ऑपेरात बायका करतात ते तरुण मुलांचे रोल, मोझार्टचा केरुबिनो, स्ट्राउसचा ऑक्टेव्हियन, हे मेझोकडेच येतात, आणि मला विचारशील तर अभिनयाला सगळ्यात जास्त वाव तिथेच आहे. त्याशिवाय बाखचे पॅशन (येशूच्या मृत्यूच्या कथेवरच्या मोठ्या गायनरचना), माहलरची गाणी, म्हणजे ऑपेराबाहेरही भरपूर काम असतं.

हाबानेरा मात्र आत्ता नको. सूर सोपे आहेत, म्हणूनच फसायला होतं, खालचे सूर जाड करायला मुली छातीचा आवाज ढकलतात आणि मग वरचा आवाज जड होतो. परीक्षकांनी ते शेकडो वेळा ऐकलेलंही असतं. त्यापेक्षा केरुबिनोची दुसऱ्या अंकातली आरिया (एकट्यानं गायचं गाणं) घे, श्वास आणि शब्द दोन्ही उघडे पडतात तिच्यात, जोडीला एखादं जुनं इटालियन गाणं. आणि रियाज थोडा थोडा, दिवसातून दोन-तीनदा कर, घसा खवखवला की त्या दिवशी गायचं नाही, नुसते शब्द तालात म्हणायचे.