लाकडी पोळपाट आणि चॉपिंग बोर्डाला शेंगदाण्याचे तेल लावले तर चालते का?

नाही, शेंगतेलाऐवजी औषधाच्या दुकानात मिळणारे, सुगंध न मिसळलेले आयपी (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधांची भारतीय मानके) दर्जाचे लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल लावावे. शेंगतेल लाकडात नीट सुकत नाही, हवेतील ऑक्सिजनमुळे खवट होते आणि तो वास कणकेलाही लागतो. पॅराफिन खवट होत नाही. बोर्ड धुऊन, उभा ठेवून पूर्ण वाळवल्यावर पॅराफिन सढळ हाताने चोळावे, विशेषतः जिथे लाकडाचे तंतू आडवे कापलेले दिसतात त्या टोकांना, कारण पाणी सर्वाधिक तिथूनच शोषले जाते, आणि रात्रभर मुरल्यावर उरलेले पुसून घ्यावे. जवसाचे कच्चे तेल सावकाश का होईना सुकते, म्हणून तेही चालते. मात्र हार्डवेअरच्या दुकानातील ‘बॉइल्ड’ जवस तेल स्वयंपाकघरात नको, कारण ते लवकर सुकावे म्हणून त्यात बहुधा धातूंची संयुगे मिसळलेली असतात.